हिरवं ते खुडावं

मी बोलतोय, पण मला शोधायला इकडेतिकडे पाहू नका. दिसणार नाही. मोहरीच्या एका दाण्यावर माझी अख्खी जत्रा भरेल आणि तरी जागा उरेल, इतका मी लहान. मी झाडांचा विषाणू आहे. माणसाच्या अंगात मी वाढत नाही, तेव्हा रुमाल तोंडाला लावायची गरज नाही. आमच्या कुळाचं नाव निघालं की लोक कपाळाला आठ्या घालतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. पान आक्रसलं, झाड खुरटलं, की खुशाल समजावं, आमच्यातल्या कुणीतरी आत बिऱ्हाड मांडलंय.

या घटकेला मी अकोल्याच्या एका प्रयोगशाळेत, जाड प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेल्या अंबाडीच्या एका रोपात आहे. पिशवी वाफेच्या यंत्रात ठेवली आहे. यंत्र कसलं, मोठा कुकरच तो. झाकण लावून झालंय, पण लोडशेडिंगमुळे वीज नाही. चार वाजता वीज येईल आणि माझा कारभार आटोपेल. जगात माझा एवढाच अंश उरला आहे. तोवर मला माझी कहाणी सांगू द्या, कारण माझ्यामुळे एका बाईचं जे झालं ते माझ्याबरोबर वाफ होऊन जाऊ नये असं मला वाटतं.

माझे वाडवडील बार्शीटाकळीच्या रस्त्याकडेला पेटारीच्या झुडपांत राहायचे. पेटारी म्हणजे पिवळ्या फुलांचं, चक्रीसारख्या बोंडांचं एक रानझुडूप. त्याला कुणी पेरत नाही, कुणी पाणी घालत नाही, आणि उपटलं तरी पुढच्या वर्षी ते हजर. त्याच्या पानांवर पिवळे ठिपके पाडण्यापलीकडे आमचं कर्तृत्व नव्हतं. दोन हजार तेराच्या उन्हाळ्यात एका बाईनं स्कूटर थांबवली, ते ठिपकेवालं पान खुडलं आणि डबीत घातलं. तिथून माझं नशीब फिरलं.

ती संध्या. वय चौतीस, अकोल्याबाहेरच्या एका लहानशा खासगी संशोधन संस्थेत विषाणूंवर काम करणारी. तिची आई मैनाबाई बार्शीटाकळीजवळच्या खेड्यात एकटी राहायची आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या वावरात निंदायला, तण खुरपायला जात होती. विळा घेऊन, कमरेत वाकून, पऱ्हाटीच्या तासातून, म्हणजे कपाशीच्या ओळीतून, तासभर नाही, दिवसभर पुढे सरकायचं. लहानपणी संध्या वावराच्या धुऱ्यावर, बांधावर बसून आईची वाट बघायची. माय कशी दिसते, असं तेव्हा कुणी विचारलं असतं तर तिनं पाठीचंच वर्णन केलं असतं. आता मैनाबाई साठीला आली होती आणि निंदण नसतानाही वाकूनच चालायची. डॉक्टरांनी मणक्यांचा फोटो काढला, मान हलवली आणि गोळ्या लिहून दिल्या.

“माय, आता पुरं. माह्याकडं अकोल्याला चाल,” संध्या दर महिन्याला म्हणायची.

“तिथं काय करू वं? तुह्या घरात चार कुंड्या. त्याचं निंदण मी सकाळच्या चहाच्या आंधी उरकवतो,” मैनाबाई म्हणायची, आणि विषय संपायचा.

आई ऐकणार नाही, तेव्हा निंदणच संपवावं, असं लेकीनं ठरवलं. लोक याला वेड म्हणतील. संस्थेतला जुना मदतनीस धर्मेंद्र तर तिच्या तोंडावर म्हणाला, “मॅडम, लोक आईले साडी घेतेत.” ती हसली नाही. रोज सकाळी नऊला यायची, माझ्या नळ्या हलवायची, आणि तिच्या डोळ्यांत मला ती वाकलेली पाठ दिसायची.

माझं घडणं सोपं नव्हतं. माझ्यातला रोग करणारा भाग तिनं कापून काढला. जुन्या घरी, म्हणजे पेटारीत, परत जाता येऊ नये अशी तोड केली. मग मातीतल्या एका जिवाणूकडून उसना घेतलेला तुकडा माझ्यात बसवला आणि मला पऱ्हाटीच्या पानात राहायला शिकवलं. मी पानात शिरायचं आणि त्या पानाला तणनाशकाचा मार सोसायला शिकवायचं, एवढंच माझं काम. मग शेतकऱ्यानं खुशाल वावरभर फवारावं. तण मरेल, पऱ्हाटी उभी राहील, आणि कुणाच्या मायला वाकावं लागणार नाही. बियाण्यात मात्र मी उतरायचं नाही, अशी सक्त ताकीद होती. हंगाम संपला की मीही संपायचं.

एक गोष्ट इथंच सांगून ठेवतो. विष मोडून टाकणं मला येत नव्हतं. विष पानावर पडे, पानात शिरे आणि तिथंच राही. माझ्या शिकवणीमुळे पान फक्त मरत नसे. याची चर्चा एका बैठकीत झाली होती. तेव्हा एका जाणत्या साहेबांनी विचारलं, “पण पऱ्हाटीचं पान खातो कोण?” सगळे हसले आणि चहा आला. वावरात बकऱ्या येऊ देऊ नयेत, असं एक वाक्य कागदावर लिहिलं गेलं.

मी भलत्याच झाडात शिरून त्यालाही बळ देऊ नये, हीही काळजी होतीच. संध्यानं बत्तीस तणांवर मला चोळून पाहिलं. गाजरगवत, केना, कुंदा, दीपमाळ, पेटारी, कुठंच माझी डाळ शिजली नाही. मग पिकांवर पाहिलं. तूर, सोयाबीन, ज्वारी, मूग, भुईमूग. तिथंही नाही. तिनं समाधानानं वही मिटली. अंबाडीवर कुणी पाहिलं नाही. अंबाडी तणात मोडत नाही आणि पिकाच्या यादीतही नसते. ती घरची भाजी. पऱ्हाटीची ती सख्खी मावसबहीण, हे संध्याला पुस्तकातून ठाऊक होतं, आणि तिची भाजी खाऊनच ती लहानाची मोठी झाली होती. तरी त्या यादीत अंबाडी आली नाही. घरातलं माणूस मोजायचं राहून जातं, तसं ते झालं.

दोन वर्षांनी सगळे कागद, सह्या, शिक्के झाले आणि वावर शोधायची वेळ आली. संध्या गयासुद्दीनभाईंकडे गेली. त्यांचं आठ एकर वावर बार्शीटाकळीच्या पुढं, आणि मैनाबाई गेली वीस वर्षं त्यांच्याच पऱ्हाटीत निंदायची. त्या वर्षांत निंदणाला बाया मिळणं मुश्कील झालं होतं. तरण्या पोरी अमरावतीजवळच्या नांदगाव पेठेच्या कापड कारखान्यांत जाऊ लागल्या होत्या. मागं उरल्या त्या मैनाबाईच्या वयाच्या.

“बेटी, अर्धा एकर कायले, एक एकर घे,” गयासुद्दीनभाई म्हणाले. “गवतानं हैरान करून टाकलं. मैनाबाईले पाहतो तं मलेच शरम वाटते. पन सांगू कोनाले, निंद म्हनून?”

“अर्धाच द्या चाचा. आणि त्यात दुसरं काही पेरू नका. फक्त पऱ्हाटी.”

“तुही माय ऐकन तवा!” ते हसत म्हणाले.

ते असं का म्हणाले ते सांगतो. पऱ्हाटी टोबल्यावर, म्हणजे टोचून पेरल्यावर, सगळंच बी उगवत नाही. तासात मधे मधे जागा मोकळी राहते, त्याला खाडे म्हणतात. गयासुद्दीनभाईंच्या वावरात एक रीत पडून गेली होती. पऱ्हाटी मालकाची आणि खाडे निंदणाऱ्या बाईचे. मैनाबाई पदराच्या गाठीत अंबाडीचं बी घेऊन यायची. ते बी भातकुलीकडचं, तिच्या माहेरचं, लग्नात आलेलं. निंदता निंदता खाडा दिसला की बोटानं भोक पाडायची, दोन दाणे टाकायची, अंगठ्यानं माती लोटायची. हात आपोआप चालायचा. मोठं झाल्यावर शेंडे खुडून संध्याकाळी भाजी करायची. डाळ, ज्वारीच्या कण्या आणि वरून लसणाची फोडणी.

तर त्या अर्ध्या एकरातही तिनं खाडे भरले. संध्याला ते दिसलं, पण तोवर रोपं वीतभर झाली होती. बारा झाडं. नियम पाहिला तर उपटून टाकायची. तिनं खाली वाकून एका रोपाला हात घातलाही, आणि मग आईकडं बघून हात काढून घेतला. कागदावर रकाना होता, ‘आंतरपीक’. त्यात तिनं लिहिलं, ‘नाही’.

“माय, तुही अंबाडी यंदा जळन बरं. फवारनीनं जळली तं खायची नाई.”

“जळलेलं कोन खाते वं?” मैनाबाई म्हणाली. “हिरवं ते खुडावं, जळलं ते सोडावं. हे का मले तुह्याकडून शिकावं लागन?”

दोघी हसल्या. दोघींचंही बरोबर होतं. निंदणाऱ्या बायांचा तो जुना नियम. कुणाच्या वावरात कुणी काय फवारलं, हे बाईला कोण सांगतं? ती पानाकडं बघते. पान कोमेजलं, कडा करपल्या, की हात लावायचा नाही. हिरवंगार टवटवीत असलं की चांगलं. एवढ्या वर्षांत पानानं कधी खोटं सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मला पऱ्हाटीत सोडायचं काम झालं. माझं पाणी, त्यात बारीक भुकटी, आणि ते अंगठ्यानं हळूच पानावर चोळायचं. जोरात चोळलं तर पान फाटतं, हलकं चोळलं तर मी आत जात नाही. संध्यानं चार बाया लावल्या, त्यात आई. सगळ्यांना रबरी हातमोजे दिले, आणि दुसऱ्या कशालाही हात लावायचा तर ते आधी काढायचे असं बजावलं. दोन तास तिनं स्वतः उभं राहून काम दाखवलं आणि मग तिला बैठकीसाठी अमरावतीला जावं लागलं.

ती गेल्यावर मैनाबाईनं हातमोजे काढून कमरेला खोचले.

“बाई, मॅडमनं सांगतलं होतं,” धर्मेंद्र धुऱ्यावरून ओरडला.

“मॅडम माही लेक हाय,” मैनाबाई म्हणाली. “या पिशव्यात पान समजत नाई बाप्पा. फाडून ठेवलं मंग? तिचं काम बिघडन.”

लेकीचं काम बिघडू नये म्हणून तिनं हातमोजे काढले, हे मी स्वतः ऐकलं. त्या अंगठ्याचा स्पर्श मला आजही आठवतो. जाड, भेगाळलेला, पण पानावर इतका हलका की पानालाही कळू नये. ओळीत खाडा आला की तो अंगठा थांबायचा, अंबाडीच्या रोपाची दोन पिवळी पानं खुडून टाकायचा, रोप सरळ करायचा आणि पुढच्या पऱ्हाटीकडं जायचा. असे बारा खाडे. बाराही अंबाड्यांत मी शिरलो. खरं सांगतो, मला तेव्हा आनंद झाला. पेटारीतून हुसकावलेल्या मला पहिल्यांदाच घरच्यासारखं वाटलं. पऱ्हाटीत मी पाहुणा होतो, अंबाडीत मी ऐसपैस राहिलो.

दहा दिवसांनी गयासुद्दीनभाईंनी स्वतः पाठीवर पंप घेतला आणि तणनाशक फवारलं. चौथ्या दिवशी केना पिवळा पडला, सातव्या दिवशी सगळं तण करपून जमिनीला टेकलं. पऱ्हाटी दिमाखात उभी. आजूबाजूचे शेतकरी बघायला आले. गयासुद्दीनभाईंनी पेढे वाटले. संध्यानं फोटो काढले, मोजमापं घेतली, आणि धुऱ्यावरून आईकडं बघून हात हलवला. मैनाबाई त्या दिवशी काम नसल्यानं धुऱ्यावर पाय पसरून बसली होती. तिचा हात कमरेवर होता. संध्यानं आईला निंदणाच्या दिवसांत बसलेलं पहिल्यांदाच पाहिलं असेल. मीही फुशारलो. म्हटलं, आमच्या खानदानात आजवर कुणी कुणाची पाठ सरळ केली नाही, ती आपण केली.

त्या गर्दीत अंबाडीकडं कुणी पाहिलं नाही. पऱ्हाटी तोवर कमरेला लागली होती, तिच्या आड बारा झाडं कुणाला दिसणार? मैनाबाईनं मात्र पाहिलं. ती उतावळी नव्हती. आठ दिवस थांबली. रोज यायची, पान उलटून बघायची, देठ दाबायची. पान हिरवं, शेंडा कोवळा, नवी फूट आलेली.

“माही अंबाडी वाचली वं बाई,” ती स्वतःशीच म्हणाली. “माह्या लेकीच्या औषीदानं तिले हात नाई लावला.”

आणि तिनं ओंजळभर शेंडे खुडले.

मी ओरडलो असतो हो. पण झाडाच्या विषाणूला आवाज कुठला? प्रत्येक पानात ते विष जसंच्या तसं होतं, आणि ते तिथं असल्याची एकच खूण, पान सुकण्याची, मी पुसून टाकली होती. मैनाबाईनं सगळं शहाणपण वापरलं आणि त्याच शहाणपणानं तिला माझ्याकडं आणलं.

तीन आठवड्यांनी दुसरी फवारणी झाली. आता तर तिचा भरवसा बसला होता. दुसऱ्याच दिवशी तिनं शेंडे खुडले. जेवढे खुडावे तेवढी अंबाडी अधिक फुटते. त्या दीड महिन्यात तिनं एक दिवसाआड तीच भाजी खाल्ली. दरवेळी थोडी झाकून ठेवायची, लेकीसाठी. संध्याला लहानपणापासून अंबाडी आवडायची. फोनवर मैनाबाई म्हणायची, “कवा येतं? तुह्यासाठी एक गंमत ठेवली हाय.” आणि संध्या म्हणायची, “येते माय, अहवाल पाठवला की येते.” झाकलेली वाटी दुसऱ्या दिवशी मैनाबाईच संपवायची, अन्न टाकायचं नाही म्हणून.

संध्या आली असती तर तिनं वाटी पाहिली असती, आणि पहिल्या घासाआधी तिला सगळं समजलं असतं. ती आली नाही. दोष देत नाही मी. ती तिकडं आईच्याच पाठीसाठी जागत होती.

आधी मैनाबाईचे हात कापू लागले. मग ती चूल पेटवून विसरू लागली. शेजारणीचं नाव आठवेना. तिला वाटलं, वय झालं. एक दिवस वावरातून परत येताना ती रस्त्यातच पडली आणि तिचं अंग झटके देऊ लागलं. गयासुद्दीनभाईंनी गाडीत घालून अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. मीही गेलो. तिच्या पदराच्या गाठीत त्या दिवशीची अंबाडी होती.

दवाखान्यात तपासणी झाली आणि डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो संध्याला. “औषध प्यायल्या का या?”

त्या वर्षांत वऱ्हाडातल्या प्रत्येक दवाखान्यात फवारणीच्या विषाचा हा प्रश्न रोज विचारला जायचा, आणि बहुतेक वेळा उत्तर होच असायचं. डॉक्टरांनाही काय म्हणावं? रक्तात तणनाशक होतं. एक हवालदार वही घेऊन येऊन उभा राहिला. घरात भांडण झालं का, कुणाचा त्रास होता का, अशी विचारपूस सुरू झाली. मैनाबाई मधे शुद्धीवर आली होती. तिनं ते ऐकलं.

“मी कायले पिऊ?” ती अडखळत म्हणाली. “माही लेक शास्त्रज्ञ हाय.”

संध्या भिंतीला टेकून रडली. आईनं खरंच काही केलं असेल, अशी शंका क्षणभर तिच्याही मनात आली होती, आणि त्याचीच तिला लाज वाटली. मग नर्सनं मैनाबाईचं लुगडं बदलून संध्याच्या हातात दिलं. पदराला गाठ होती. संध्यानं ती सवयीनं सोडली. आत अंबाडीचे शेंडे. हिरवेगार.

मग तिनं बाहेर बसलेल्या गयासुद्दीनभाईंना विचारलं, “चाचा, ही कुठली?”

“आपल्याच वावरातली. त्याच अर्ध्या एकरातली. लय सुंदर राह्यली यंदा. काहून?”

संध्या त्यांच्या शेजारी बाकावर बसली. गयासुद्दीनभाईंनी तिच्या हातातल्या पानांकडं पाहिलं, आणि हळूहळू त्यांच्याही लक्षात आलं. “या अल्ला,” ते म्हणाले. “पंप तं माह्या पाठीवर होता.”

प्रयोगशाळेत त्या पानात दोन गोष्टी सापडल्या. एक विष, दुसरा मी.

मैनाबाई जगली. पण जी घरी आली ती अर्धीच मैनाबाई होती. काल काय झालं ते तिला आज ठाऊक नसतं. सकाळी जेवली ते दुपारी विसरते. रानातल्या ऐंशी झाडपाल्यांची नावं तिला पाठ होती, त्यातली आता पाच-सहा येतात. लेकीला ओळखते, पण कधी कधी तिला शाळेतली समजून विचारते, “दप्तर कुठी हाय तुहं?” निंदणाला ती आता जात नाही. संध्यानं जे मागितलं होतं ते असं मिळालं.

संध्यानं काही लपवलं नाही, हे मी तिच्या बाजूनं सांगतो. तिनं अहवालात सगळं लिहिलं. बारा झाडं लिहिली, हातमोजे लिहिले, आणि ‘आंतरपीक: नाही’ हे आपल्याच अक्षरात आहे, असंही लिहिलं. संस्थेतल्या एकानं सुचवलं की चूक बाईंची होती, त्यांनी सूचना पाळली नाही, तेवढं लिहून भागेल. त्या दिवशी संध्याचा आवाज पहिल्यांदा चढलेला मी ऐकला. “सूचना मी दिली होती. जळलं तर खाऊ नको, हीच सूचना होती. माझ्या आईनं ती पाळली.”

अर्धा एकर उपटून जाळला. गयासुद्दीनभाई स्वतः लागले, एकही झाड सुटू दिलं नाही. माझ्या नळ्या, बाटल्या, गोठवलेले साठे, सगळे एकेक करून या कुकरातून गेले. उरला एक प्रश्न. त्या बारातल्या काही अंबाड्यांवर लवकर बी धरलं होतं आणि आजारी पडण्याआधीच मैनाबाईनं ते मडक्यात राख घालून जुन्या बियात मिसळून टाकलं होतं. माहेरहून आलेलं सगळं बी त्या एका मडक्यात. मी बियाण्यात उतरत नाही असं सगळे म्हणत होते खरं, पण ते पऱ्हाटीबद्दल. अंबाडीत मी काय करीन, हे मलाही सांगता आलं नसतं. मी उतरलो असेन तर मडकं जाळावं लागणार होतं.

संध्यानं त्या बियातून मूठभर घेऊन शंभर कुंड्या पेरल्या. तुलनेसाठी एक कुंडी वेगळी, त्यात पदराच्या गाठीतल्या एका शेंड्यापासून वाढवलेलं रोप, आणि त्या रोपात मी. एके सकाळी सगळ्यांवर सारखंच तणनाशक फवारलं. जे रोप हिरवं राहील त्यात मी, असा हिशोब.

मी आयुष्यात कधी झाड मरावं म्हणून वाट पाहिली नव्हती. या वेळी पाहिली. चौथ्या दिवशी पहिली कुंडी मलूल झाली. मग दुसरी, मग दहा, मग पन्नास. आज, सातव्या दिवशी, शंभरच्या शंभर रोपांनी माना टाकल्या. मी त्यांच्यात नव्हतो. मडकं वाचलं. संध्या खाली बसली आणि कितीतरी वेळ रडत राहिली, आणि धर्मेंद्र दाराशी उभा राहून चष्मा पुसत होता.

आज मैनाबाईही इथं आली होती. तिला घरी एकटं ठेवता येत नाही, म्हणून संध्यानं तिला सोबत आणून काचघराच्या बाहेर खुर्चीवर बसवलं होतं. ती कधी उठली, कुणाच्या लक्षात आलं नाही. वाकत वाकत ती आत आली. सुकलेल्या कुंड्यांच्या रांगेजवळ थांबली. एक करपलेलं पान उचललं, बोटात चुरलं, नाकाशी नेलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं.

“जळलं हे,” ती स्पष्ट आवाजात म्हणाली. किती दिवसांनी तिनं एखादी गोष्ट अशी खात्रीनं सांगितली होती. “याले हात नोको लावू पोरी. हिरवं ते खुडावं, जळलं ते सोडावं.”

संध्यानं डोळे पुसून वर पाहिलं. आईला आठवलं! ती हसायलाच लागली. “हो माय. बरोबर हाय माय.”

मैनाबाई पुढं सरकली. रांगेच्या टोकाला मी होतो, हिरवागार, टवटवीत. तिनं मला पाहिलं. तोच अंगठा, तेच बोट, शेंड्याशी आलं.

“हे पाह्य, हे कशी मस्त हाय,” ती म्हणाली. “हे खुडतो. तुह्यासाठी भाजी करतो.”

संध्यानं धावत येऊन तिचं मनगट धरलं. “नको माय. नको.”

“काहून वं?” मैनाबाईनं तिच्याकडं पाहिलं. तिला खरंच समजत नव्हतं. “हिरवं हाय ना?”

संध्यानं आईचे हात धुतले, दोनदा साबण लावून, लहान मुलाचे धुवावेत तसे. आईला खुर्चीवर बसवून पाणी दिलं. मग परत आली, मला मुळासकट उपटलं, पिशवीत घातलं, पिशवी बांधली. तिनं मला इतकी वर्षं लेकरासारखं सांभाळलं होतं; यंत्राचं झाकणही तिनं स्वतःच लावलं, आणि मला ते बरोबरच वाटलं.

माझा राग नाही कुणावर. वीज यायची वेळ झाली आहे, तेव्हा माझं एवढं मागणं ऐका. माझ्यासारखे आणखी घडतील, कुणी चांगल्या मनानंच घडवील. त्यांना वावरात सोडण्याआधी त्या वावरात निंदणाऱ्या बाईला विचारा, ती खाड्यात काय लावते आणि संध्याकाळी काय शिजवते. आणि ज्या पानानं विष घेतलं त्याला सुकू द्या. सगळ्या वावरात एक पानच तेवढं तिच्याशी खरं बोलत होतं.

वरचा पंखा फिरू लागला. कुकरातलं पाणी गरम होतंय. बाहेर मैनाबाई कुणाला तरी विचारते आहे, आपण इथं कायले आलो म्हणून. तिला कुणीतरी सांगा, तुझं बी शाबूत आहे, यंदा अंबाडी चांगली उगवेल, आणि कुणी फवारलं तर ती सुकेल.